आमच्या मुलांचें भूत

"सर, शाळेंत मुलांना भुतें काढावयास शिकवितां काय?" असा प्रश्न एका सद्गृहस्थांनीं गेल्या स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशीं मला भर मंडपांत विचारला. प्रश्न थट्टेचा होता, परंतु केवळ थट्टेचा नव्हता. त्यांच्या धाकट्या कन्येनें आदल्या रात्रीं घरांतील दिवा मालवूं दिला नव्हता, आणि त्याचें कारण आमच्या नववीच्या मुलांनीं केलेला सात मिनिटांचा भयपट हें होतें. त्या वेळीं पाहुण्यांस हार घालावयाचे होते. म्हणून "सवडीनें सांगतों" एवढेंच बोलून मीं वेळ मारून नेली. तें सवडीचें उत्तर या अंकांत देत आहें. तें त्यांना पुरतेपणीं पटेल अशी माझी खात्री नाहीं. कारण उत्तर शोधतां शोधतां मला माझीच एक चूक सांपडली, आणि ती त्यांनीं दाखविलेल्या चुकीपेक्षां मोठी आहे.

प्रथम हकीकत सांगतों. गेल्या वर्षीं नववीच्या वर्गास उपक्रम म्हणून एक लघुचित्रपट करावयास सांगितला होता. विषय ज्याचा त्यानें निवडावयाचा. पाण्याची बचत, वृक्षारोपण, व्यायामाचें महत्त्व असे सात्त्विक विषय मीं मनांत धरून ठेविले होते, एका तुकडीनें मात्र उभें राहून सांगितलें, "सर, आम्ही भूत करणार." नऊ जणांची ती तुकडी, सहा मुलगे आणि तीन मुली. त्यांतील एकाचें आजोळ जोतिबाच्या डोंगरावर, म्हणजे वाडी रत्नागिरीस आहे. पावसाळ्यांत तेथें धुकें असें उतरतें कीं दहा पायऱ्यांपलीकडचा माणूस दिसत नाहीं. भुताला याहून चांगली जागा कोठें मिळणार, असा त्यांचा युक्तिवाद. मीं संहिता वाचली, शुद्धलेखनाच्या दोनचार चुका दुरुस्त केल्या आणि संमति दिली. या संमतीविषयीं पुढें बोलावयाचें आहे.

जोतिबाचा डोंगर आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. चैत्री पौर्णिमेस तेथें सासनकाठ्या नाचतात, आणि गुलालानें माणसें, पायऱ्या, देवळाचा काळा दगड सारें एका रंगाचें होऊन जातें. माघांतील खेट्यांच्या रविवारीं कोल्हापुराहून लोक अनवाणी चालत जातात. राणोजी शिंद्यांनीं १७३० सालीं बांधविलेलें तें देऊळ, त्या दीपमाळा, तो चांगभल्याचा गजर, सर्व गर्दीचें आणि उजेडाचें. पण आषाढांत, आडवारीं, पाऊस लागून राहिला असतां तोच डोंगर निराळा भासतो. नारळ-गुलालाचीं दुकानें अर्धीं मिटलेलीं असतात, पायऱ्यांवर शेवाळ धरलेलें असतें, आणि दरीकडून धुकें हळूहळू वर चढत असतें. आम्ही गेलों तो असाच एक शनिवार होता. मीं दोन अटी घातल्या होत्या. देवळांत व देवळाच्या आवारांत कांहींही चित्रित करावयाचें नाहीं, आणि अंधार पडण्यापूर्वीं सर्वांनीं मामांच्या ओसरीवर हजर व्हावयाचें. म्हणजे रात्रीचें भूत दुपारीं चार वाजतां काढणें आलें! मोबाइलच्या कॅमेऱ्यांत उजेड कमी करून आणि मागाहून चित्रास निळसर छटा देऊन दिवसाची रात्र करतां येते, ही युक्ति मला त्या दिवशीं मुलांनींच शिकविली. चित्रपटाच्या धंद्यांत ती फार जुनी आहे.

त्यांची कथा थोडक्यांत अशी. एक मुलगा सायंकाळीं पायऱ्या चढून मामाच्या घरीं निघाला आहे. मागें पैंजण वाजतात. वळून पाहतो तों कोणी नाहीं. घरीं पोंचतो, दार उघडें, आंत सामसूम. आणि माजघरांत पांढरें लुगडें नेसलेली, केस मोकळे सोडलेली, पांढऱ्याफटक चेहऱ्याची एक बाई उभी! मुलगा किंचाळतो, आणि शेवटीं त्याचा रक्तानें माखलेला हात उंबऱ्यावर दिसतो. एवढ्यावर चित्रपट संपतो.

काम मात्र त्यांनीं मन लावून केलें, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. भुताचे पाय उलटे असतात हें सर्वश्रुत आहे. तेव्हां भूत झालेल्या मुलास (मुलींनीं भूत होण्यास साफ नकार दिला होता) चपला उलट्या बांधल्या. तो तीन पावलें चालला आणि भाताच्या पोत्यांवर कोसळला. चेहऱ्याची पावडर घामानें ओघळली. पैंजणांचा आवाज टिपला त्यांत शेजारच्या गोठ्यांतील म्हशीचें रेकणें शिरलें, म्हणून तो सहा वेळां पुन्हां घ्यावा लागला. रक्तासाठीं मुलांनीं कोनाड्यांतला गुलाल पाण्यांत कालवावयास घेतला. मामा तोंवर कौतुकानें पाहत होते, ते पुढें आले आणि म्हणाले, "पोरांनो, ह्यो नगं. दुसरं काय बी घ्या." जत्रेचा, वरातीचा, कुस्ती मारून आलेल्या मल्लाचा जो गुलाल, तो रक्त म्हणून उंबऱ्यावर सांडणें त्यांच्या जिवावर आलें. मुलांनीं मुकाट्यानें बीट किसून त्यांत साखरेचा पाक घातला. तें रक्त पडद्यावर सरबतासारखें दिसलें; पण गुलालाचेंही याहून बरें दिसलें नसतें. त्याचा रंग गुलाबीकडे झुकतो, आणि रक्त वाळतांना काळवंडतें.

याच सुमारास त्या मुलाच्या आजी माजघराच्या दारांत येऊन उभ्या राहिल्या. वय ऐंशीच्या घरांतलें. यजमान जाऊन पुष्कळ वर्षें झालेलीं. अंगावर धुवून धुवून पांढरें झालेलें लुगडें, कपाळ मोकळें. त्यांनीं भुताकडे बराच वेळ न्याहाळून पाहिलें आणि नातवास विचारलें, "त्या भुताच्या कपाळाला कुकू का न्हाई रं?"

नातू म्हणाला, "आजी, भूत असंच असतंय. सगळ्या पिक्चरमधी असंच असतंय."

"मग माझ्यावानीच की," त्या म्हणाल्या, आणि चहाचें आधण ठेवावयास आंत गेल्या.

कोणी कांहीं बोललें नाहीं. मी तर मुळींच बोललों नाहीं. चहा झाला, राहिलेलें चित्रण झालें, आणि संध्याकाळच्या एस्. टी.नें आम्ही कोल्हापुरीं परतलों.

संमेलनाच्या पहिल्या दिवशीं हा चित्रपट सभागृहांत दाखविला. आठवीच्या खालच्या मुलांस आंत बसवावयाचें नाहीं असें ठरलें होतें. तें पाळलें गेलें नाहीं, आणि ज्यांनीं तें पाळावयाचें त्यांत मी होतों. त्या सद्गृहस्थांच्या तक्रारीचा एवढा भाग मला बिनशर्त मान्य आहे. आठनऊ वर्षांच्या मुलास पडद्यावरचें आणि पडद्यामागचें वेगळें करतां येत नाहीं, आणि त्याची झोंप ही कोणाच्याही कलेपेक्षां मोलाची आहे.

आतां जें घडलें तें सांगतों. भूत दिसतांच सभागृह हंसलें. कोणीं तरी चपला ओळखल्या आणि भुताला त्याच्या नांवानें हांक मारली. किंकाळीला टाळ्या पडल्या, आणि रक्त दिसतांच मागच्या बांकांवरून "कोकम!" अशी आरोळी आली. ज्या तीन गोष्टींवर मुलांनीं सर्वांत अधिक मेहनत घेतली होती त्या तिन्ही वाया गेल्या. उलट, ज्या ठिकाणीं खरोखर श्वास रोखले गेले तें ठिकाण कोणीं योजलेलेंच नव्हतें. मुलगा पायऱ्या चढत धुक्यांत नाहींसा होतो. तेथें कॅमेरा धरणाऱ्यास थांबण्याची खूण दिसली नाहीं, आणि वीसएक सेकंद नुसत्या रिकाम्या, ओल्या पायऱ्या चित्रित होत राहिल्या. संकलन करणाऱ्या मुलीनें हा तुकडा टाकाऊ म्हणून बाजूस काढला होता. पण सात मिनिटें भरेनात म्हणून तो पुन्हां जोडला. त्या वीस सेकंदांत सभागृहांतील पंख्यांची घरघर ऐकूं येत होती. कांहींच घडत नव्हतें, आणि तीनशें मुलें पडद्याकडे टक लावून बसलीं होतीं. ज्या धाकट्या मुलीनें रात्रीं दिवा मालवूं दिला नाहीं तिला कशाचें भय वाटलें हें मीं मागाहून तिच्या वडिलांस विचारलें. ती म्हणाली होती, "त्या पायऱ्यांचं."

हें आश्चर्य आमच्याच वाट्याला आलें असें नाहीं. १९२२ सालच्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटांत मुर्नाऊ या दिग्दर्शकानें रक्तपिपासू उमराव जिना चढतांना दाखविला तो केवळ भिंतीवरील सांवलीनें. शंभर वर्षें उलटलीं तरी ती सांवली लोकांच्या स्मरणांतून गेली नाहीं. १९४२ सालच्या 'कॅट पीपल' या अमेरिकन बोलपटाचे निर्माते व्हॅल ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तूर्नर यांच्याजवळ पैसा बेताचाच होता. त्यांनीं रात्रींच्या निर्जन रस्त्यावर एका बाईच्या मागें पावलें वाजविलीं, मग तीं थांबविलीं, आणि प्रेक्षक दचकला तो अकस्मात् येऊन उभ्या राहिलेल्या एका साध्या बसच्या आवाजानें. १९७५ सालच्या 'जॉज'मध्यें तर यांत्रिक मासा समुद्राच्या पाण्यांत वारंवार बिघडे. म्हणून स्पीलबर्ग यांना बराच वेळ मासा न दाखवितांच निभावून न्यावें लागलें, आणि चित्रपट गाजला तो बराचसा त्या न दिसणाऱ्या माशामुळें. इतकें दूर तरी कशाला जावें? नवरात्रांत ललिता पंचमीस आपल्या त्र्यंबोलीच्या टेकडीवर असुरवधाची आठवण म्हणून कोहळा फोडतात. हजारों माणसें तो क्षण पाहावयास जमतात. राक्षस प्रत्येकाच्या मनांत असतो. डोळ्यांपुढें असते ती फळभाजी.

कोल्हापूरच्या मुलांस या बाबतींत घरचाच एक जुना दाखला आहे. स्वतःच्या हातांनीं कॅमेरा घडविणारे कलामहर्षि बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा पहिला चित्रपट १९२० सालीं प्रदर्शित झाला. त्यांत भीमानें केलेला कीचकाचा वध इतका उग्र आणि हुबेहूब उतरला होता कीं तो भाग अखेरीस वगळावा लागला. तरीही चित्रपटाची कीर्ति कमी झाली नाहीं. लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांस 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. कीचकवध वगळल्यानें चित्रपट सुधारला असें मी म्हणत नाहीं. बाबूरावांसारख्या चित्रकाराच्या हातचा तो प्रसंग पाहावयास मिळता तर मी धांवत गेलों असतों. परंतु जें सर्वांत भयंकर म्हणून रचलें तें काढल्यावरही मागें चित्रपट उरतो कीं नाहीं, ही परीक्षा त्या वेळीं होऊन गेली, आणि आमच्या मुलांनीं ती आपल्या सात मिनिटांस लावून पाहण्यासारखी आहे.

येथवर केलेली समीक्षा ही तंत्राची. तशीच ती मीं गुणपत्रिकेंतही केली. चित्रण, ध्वनि, संकलन, अभिनय, कथा, प्रत्येकास वीस गुण. एकूण शंभरांत चौसष्ट. कथेस चौदा. सही करावयास लेखणी उचलली तेव्हां आजींचें तें वाक्य आठवलें, आणि ध्यानांत आलें कीं त्यासाठीं माझ्या कागदावर रकानाच नाहीं. संहिता मीं वाचली होती. "पांढरें लुगडें, मोकळे केस, कपाळ रिकामें" हे शब्द माझ्या डोळ्यांखालून गेले होते. त्यांतील ऱ्हस्वदीर्घ मीं तपासले होते.

आपल्या लोककथांतील भुतांची यादी एकदां सावकाश वाचून पाहावी. बाळंतपणांत दगावलेली बाई हडळ होते. मुंज होऊन सोडमुंज होण्यापूर्वीं गेलेला बटु मुंजा होऊन पिंपळावर बसतो. ज्याच्या मागें क्रियाकर्म करणारें कोणी उरलें नाहीं तो समंध होतो. यांतील कोण दुष्ट आहे? बहुतेक सारीं दुर्दैवी माणसें आहेत. ज्यांच्यासाठीं गांवानें रडावयाचें त्यांनाच गांव भ्यालें. जुन्या गोष्टींत निदान त्या हडळीस एक घर होतें, एक अर्धवट राहिलेलें बाळंतपण होतें. गोष्ट सांगणारी आजी मध्येंच सुस्कारा टाकी. चित्रपटांनीं तिचें घर टाकलें, बाळंतपण टाकलें, सुस्काराही टाकला, आणि तेवढें पांढरें लुगडें ठेवून घेतलें. तें लुगडें कोठून आलें हें विचारलें कीं उत्तर आपल्याच माजघरांत सांपडतें. पिढ्यान्‌पिढ्या आपण विधवेस जो वेष दिला तोच भुतास दिला.

आणि हें कोणत्या जिल्ह्यांत? ज्या करवीर संस्थानांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं विधवाविवाहाचा कायदा केला त्या जिल्ह्यांत. शिरोळ तालुक्यांतील हेरवाडच्या ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें ठराव केला कीं पतीच्या निधनानंतर पत्नीचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें, जोडवीं काढणें या चाली गांवांत बंद. त्याच महिन्यांत राज्य शासनानें परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींसही हा कित्ता गिरविण्यास सांगितलें. आमच्या मुलांस हें ठाऊक आहे. नागरिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेंत त्यांनीं हेरवाडवर दहा ओळी सुरेख लिहिल्या असत्या, आणि मीं त्यांस पूर्ण गुण दिले असते. त्याच मुलांनीं कॅमेरा हातांत येतांच रिकामें कपाळ म्हणजे भय असें समीकरण मांडलें, आणि तें त्यांच्या गुरुजींच्याही ध्यानांत आलें नाहीं. ध्यानांत आलें तें चुलीपाशीं निघालेल्या आजींच्या.

कोणी म्हणेल, सात मिनिटांच्या पोरखेळास एवढें कशास झोंबावें? खेळ आहे हें खरें. परंतु अमुक बाई 'वाईट' आहे, तिची नजर लागते, ही कुजबुज आपल्या गांवांतून अजून पुरती गेलेली नाहीं. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्यासाठीं वर्षानुवर्षें झटले तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाल्यावर त्याच वर्षीं झाला. भूत उतरविण्याच्या मिषानें माणसास मारहाण करणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे. असा गुन्हा लिहून ठेवावा लागतो याचा अर्थ तो घडत होता. भयपट हा गुन्हा नव्हे, आणि त्यानें कोणीं कोणास मारलें असेंही मी म्हणत नाहीं. परंतु कोणत्या चेहऱ्यास भ्यावयाचें हें मूल कोठें तरी शिकतें. आमच्या सभागृहांत त्या दिवशीं तीनशें मुलें बसलीं होतीं.

मग भयपट करूंच नये काय? असें माझें मत नाहीं. ज्याचें मूळ बीज नारायण धारपांच्या कथेंत आहे तो राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) पाहा. म्हणजे मोठ्यांनीं पाहा. तो प्रौढांसाठींचा चित्रपट आहे, नववीच्या मुलांनीं पाहावयाचा नाहीं, आणि त्यांतील कित्येकांनीं पाहिला आहे हें मला ठाऊक आहे. त्यांनीं खऱ्या पावसासाठीं एकामागून एक पावसाळे वाट पाहिली. पण मला महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. त्यांनीं कोणाच्या देव्हाऱ्यांतील देव उचलला नाहीं. हस्तर नांवाचा नवा देव स्वतः रचला, त्याला आई दिली, भावंडें दिलीं, हांव दिली. त्यांतली साखळदंडांत जखडलेली म्हातारी भीतिदायक आहे खरी, पण ती तशी कां झाली हें चित्रपट सांगतो. ती हांवेचें फळ भोगते आहे. (तें काम मोहम्मद समद या बालनटानें केलें आहे हें ऐकून आमचें उलट्या चपलांचें भूत फार सुखावलें.) आणि आपल्या पुराणांचें औदार्य तर याहून मोठें. करवीरमाहात्म्यांतील कोल्हासुर मरतांना देवीजवळ मागतो कीं या क्षेत्रास माझें नांव राहूं दे, आणि देवी तें देते. आपण आजही पत्त्यांत तें नांव लिहितों. जोतिबानें रत्नासुरास मारलें अशी कथा आहे, आणि डोंगराचें नांव रत्नागिरीच राहिलें. असुरासही त्याचें नांव मिळालें. आमच्या मुलांच्या भुतास मात्र नांव नव्हतें. मीं तें विचारलेंही नाहीं.

हें सर्व मीं त्या तुकडीस, कांहींशा ओशाळ्या स्वरांत, बोलून दाखविलें. आज्ञा कांहीं केली नाहीं. पंधरा दिवसांनीं संकलन करणाऱ्या मुलीनें दुसरी आवृत्ति आणून दिली. भूत गेलें, रक्त गेलें, किंकाळीही गेली. मुलगा धुक्यांत नाहींसा होतो, त्या वीस सेकंदांच्या पायऱ्या येतात, मग उघडें दार, ओसरीवर वाफ निघत असलेली चहाची कपबशी आणि जवळ कोणी नाहीं. (ती कपबशी आजींचीच, कोणीं तरी सहज टिपून ठेवली होती.) माजघराच्या अंधारांतून एका वृद्ध बाईचा आवाज येतो, "आलास व्हय?" एवढ्यावर चित्रपट संपतो. साडेचार मिनिटें. आवाज आजींनीं नातवाच्या मोबाइलवर बोलून पाठविला होता.

ही आवृत्ति आम्हीं फक्त नववी-दहावीस दाखविली. कोणी किंचाळलें नाहीं. शेवटच्या दोन शब्दांनीं निम्मा वर्ग दचकला आणि निम्म्यानें सुटकेचा निःश्वास सोडला; कोणीं दचकावें आणि कोणीं सुटावें हें ज्याच्या त्याच्या आजीवर अवलंबून असावें. मीं शंभरांत अठ्ठ्याहत्तर गुण दिले. माझ्या मतें दुसरी आवृत्ति निश्चित चांगली आहे, कारण पहिलींत जें खरें होतें तेवढेंच तींत उरलें आहे. परंतु हें मत सर्वांस मान्य नाहीं. जो मुलगा भूत झाला होता तो मला स्पष्ट म्हणाला, "सर, हा पिक्चर म्हणजे कटाशिवाय मिसळ." त्याचा आक्षेप मी हंसण्यावारी नेत नाहीं. लोक भयपटास जातात ते किंचाळावयास मिळावें म्हणूनही जातात, आणि एकत्र किंचाळून मग एकत्र हंसण्यांत एक निर्मळ आनंद आहे. तो आमच्या दुसऱ्या आवृत्तींत नाहीं. तो आनंद कोणाच्या कपाळावर बोट न ठेवतां देतां येतो कीं काय, हें त्यानें पुढच्या वर्षीं करून दाखवावें असें मीं त्यास सांगितलें आहे. तो सध्यां एका बंद पडलेल्या लिफ्टची गोष्ट लिहीत आहे.

आतां त्या सद्गृहस्थांस सरळ उत्तर. होय, आम्ही भुतें काढावयास शिकवितों. धाकट्यांस तीं दाखविलीं ही आमची चूक; ती पुन्हां होणार नाहीं. पण करणाऱ्यांचें अहित झालें असें मला दिसत नाहीं. ध्वनि टिपणारी मुलगी सांगते कीं रात्रीं घरांत कांहीं वाजलें तर आतां तिला प्रथम प्रश्न पडतो तो "हें कशाचें असेल?" असा. पायऱ्या चढणारा मुलगा मात्र म्हणतो कीं त्याचें भय होतें तेवढेंच आहे. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला त्याचा अभिमान वाटतो.

दुसरी आवृत्ति नातवानें डोंगरावर जाऊन आजींस दाखविली. चष्मा लावून त्यांनीं ती दोनदां पाहिली. स्वतःच्या आवाजाविषयीं त्या कांहीं बोलल्या नाहींत. पायऱ्यांविषयीं मात्र त्यांची तक्रार होती. एवढा वेळ पायऱ्यांवर एकही माणूस कसा येत नाहीं, असें त्यांनीं विचारलें. पाऊस असो, धुकं असो, कोणी ना कोणी देवाला चढत असतंयच.